ताजी फाइल तीच खरी

आईचा आवाज रेकॉर्ड करून ठेवायचा, एवढंच काम होतं. एका दुपारचं. फोनचं एक बटण दाबून कुणीही केलं असतं, आणि हे वाक्य गुरूला नंतर इतक्या लोकांनी ऐकवलं की शेवटी शेवटी तोच समोरच्याच्या आधी म्हणून टाकायचा. म्हणजे निदान आपल्या चुकीवर आपला पहिला हक्क तरी.

झालं असं, की आईच्या घशात गाठ निघाली. गाठ साधी होती, पण बसली होती नको तिथे. ऑपरेशननंतर आवाज आहे तसा राहील, बदलेल किंवा जाईल, तिन्हीची तयारी ठेवा, असं डॉक्टरीणबाईंनी चहा घेणार की कॉफी अशा सुरात सांगितलं. ताई दुसऱ्या गावी, दिवस भरत आलेले, तिला प्रवासाची बंदी. तिने फोनवर गुरूला एकच काम सांगितलं. जिन्याखालचा राक्षस रेकॉर्ड करून ठेव. बाकी काही नको, माझ्या बाळाला तेवढा हवा.

जिन्याखालचा राक्षस ही आईची स्वतःची गोष्ट. आई लायब्ररीत कामाला होती. म्हणजे दिवसभर हळू बोलायची नोकरी, आणि उरलेला सगळा आवाज घरी. ती गोष्ट सांगायला लागली की जिना करकरायचा, मांजर यायचं, भाडेकरू भांडायचे, आणि मग अगदी खालून, तिच्या बेंबीच्या देठापासून राक्षस विचारायचा, "कोण आहे रे वरती?" विचारायचा आणि स्वतःच घाबरून थरथरायचा. कारण राक्षस भित्रा होता. सगळी गंमत त्यातच होती, की एवढा दणदणीत आवाज आणि आत एवढी भीती. गुरू आता चांगला नोकरीला लागलेला घोडा, पण जिन्याखालून जाताना त्याची पावलं अजून जरा घाईने पडायची.

आता फोनवर बटण दाबायचं तर गुरूने कशाला दाबायचं? गुरू हे त्याचं नाव नव्हे. वरच्या मजल्यावरच्या काकांचा प्रिंटर त्याने चालू करून दिला तेव्हा ते चिकटलं. प्रिंटरची वायर निघाली होती, ती त्याने खोचली. पण खोचायच्या आधी त्याने कपाळाला आठ्या घालून बराच वेळ विचार केला होता, आणि काकांवर छाप पडली ती त्या आठ्यांची. काका पाणी खात्यातून निवृत्त झालेले, त्यांना आठ्यांची किंमत कळत होती. गुरू कुरियर कंपनीत पार्सलांच्या नोंदी करायचा, आणि संगणक शिकला तो आपला आपण, चुकत चुकत, आणि शक्यतो दुसऱ्याच्या मशीनवर. अशा माणसाला अब्रू फार जपावी लागते. शिकलेल्याचं चुकलं तर मशीन बिघडलेलं असतं. आपलं आपण शिकलेल्याचं चुकलं तर, बघ, म्हटलं नव्हतं?

म्हणून बेत मोठा ठरला. घरात जुना कॉम्प्युटर होता, त्याला खरा, दांडीचा माईक लागायचा. गुरूचा लॅपटॉप नवीन होता, त्याला तो माईक बसतच नव्हता. मग रेकॉर्डिंग जुन्यावर करायचं आणि एक प्रत नव्यावर ठेवायची, म्हणजे एक मशीन गेलं तरी दुसऱ्यावर आई सुखरूप. आणि दोन्हीकडच्या फाइली सारख्या ठेवायला गुरू स्वतः एक प्रोग्रॅम लिहिणार. नियम एकच. एका नावाच्या दोन फाइली दिसल्या तर तारीख-वेळ बघायची. ताजी फाइल तीच खरी. शिळी जाणार, तिच्या जागी ताजी येणार.

बाबा म्हणाले, दोन मशीनवर कशाला, एकावर ठेव आणि गप्प बस. बाबांनी उभा जन्म बस डेपोत वेळापत्रकं लावण्यात घालवला होता, आणि एक बस दोन फलाटांवर उभी केली की काय होतं ते त्यांना माहीत होतं. पण ते त्यांनी इतक्या वर्षांत इतक्या गोष्टींबद्दल सांगितलं होतं की कुणी ऐकत नसे.

थंडी सरता सरता एका रविवारी मुहूर्त लागला. डॉक्टरीणबाईंनी आईला कमी बोलायला सांगितलं होतं. तेव्हा एकच गोष्ट, एकदाच, असं ठरलं. बाहेरच्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरसमोर आईला बसवलं. गुरूने कपाळाला आठ्या घातल्या आणि सुरू केलं.

आई म्हणाली, "एका घराला एक जिना होता."

गुरू म्हणाला, थांब, जवळ ये. आईने पुन्हा जिना काढला. गुरू म्हणाला, थांब, इतकी जवळ नको, श्वास येतोय. आई म्हणाली, श्वास येतोय ते बरंच आहे. तेवढ्यात वरचे काका आले, कारण त्यांना बातमी लागली होती आणि सल्ला तयार होता. आवाज नाकातून नको, पोटातून काढा वहिनी, असं त्यांनी आईला सांगितलं. पाणी खात्यात त्यांना मोठमोठ्याने बोलावं लागायचं, कारण लोक ओरडत यायचे. ते सगळं रेकॉर्ड झालं. मग बाबांनी आतून विचारलं की चष्मा कुणी पाहिला का. तेही झालं. आई चिकाटीची, ती पुढे गेली, जिना करकरवला, मांजर आणलं, भाडेकरू भांडवले, श्वास भरून घेतला आणि राक्षस बोलणार, तर स्वयंपाकघरात किटलीने शिट्टी मारली. गुरू म्हणाला, "थांब थांब थांब. पहिल्यापासून घे." आणि बटण बंद केलं.

आई उठली. गरम पाणी प्यायली. थोड्या वेळाने म्हणाली, मागच्या खोलीत जाऊ. दार लावून. आणि तू बोलायचं नाहीस.

मागच्या खोलीत रजया, गाद्या आणि जुने कोट होते, तिथे आवाज कापसात ठेवल्यासारखा राहतो. जुना कॉम्प्युटर काही उचलून नेता येईना, म्हणून गुरूने लॅपटॉप मांडीवर घेतला. दांडीचा माईक नाही, काही नाही. आईने डोळे मिटले आणि सांगायला लागली. या वेळेला जिना असा करकरला की गुरूने पाय वर घेतले. राक्षस आला तेव्हा खोलीतल्या कपाटाचं दार हललं, असं तो नंतर शपथेवर सांगायचा. आणि शेवटी राक्षसाला कळतं की वरती राहणारी छोटी मुलगीसुद्धा त्याला घाबरते, तेव्हा तो जो हसतो, ते हसू आईने असं काढलं की गुरूला बटण बंद करायचं सुचलं नाही. एक शब्द न बोलता तो एवढा वेळ बसला, ही त्याच्या आयुष्यातली पहिलीच वेळ असावी. त्या संध्याकाळी आई नुसती हातानेच बोलली. घसा दुखत होता. पुन्हा सांगायला लावायचं नाही, असं बाबांनी बजावलं.

गुरूने त्या फाइलला नाव दिलं, राक्षस. बाहेरच्या खोलीतल्या फाइलचं नावही राक्षस. मुद्दाम. आता कुणी म्हणेल, बाबा रे, बाहेरची ती किटलीवाली फाइल एका बोटाने पुसून टाक ना. पण मग प्रोग्रॅमने काय करायचं? त्याला काहीतरी काम नको? इतकं सुंदर उदाहरण समोर होतं. नाव एक, मशीन दोन, एक शिळी, एक ताजी. पोराला शाळेत पाठवताना पहिल्या दिवशी सोपा प्रश्न मिळावा असं बापाला वाटतं, तसं झालं ते.

प्रोग्रॅम दोन दिवसांत झाला. पण गुरूला तो साधा वाटला. मग त्याने हिरवी पट्टी घातली, काम होत जाईल तशी भरणारी. मग पट्टी सरकताना हलकी चमकवली. मग कुठेतरी वाचलं की पुसलेल्या फाइली कुणीही परत काढू शकतं, तेव्हा त्याने एक खास सोय केली. जी फाइल जाईल तिच्या जागेवर प्रोग्रॅम पाणी मारून पोचारा करणार, माग राहणार नाही. आईच्या राक्षसाचा माग काढायला कोण येणार होतं देव जाणे. पण सोय केली खरी. काम संपल्यावर एक वाक्य येईल असंही केलं, "झकास, गुरू." कारण घरातून ते येत नव्हतं.

या सगळ्या सजावटीत आठवडे गेले. मध्ये एका शनिवारी घड्याळं एक तास पुढे गेली.

हे या देशात दरवर्षीचंच. थंडी सरली की सरकार सगळ्यांची घड्याळं एक तास पुढे करायला सांगतं आणि थंडीच्या तोंडावर पुन्हा मागे. बाबांचं सरकारशी या एका मुद्द्यावर कायमचं वैर. डेपोत असताना त्या एका तासाने त्यांच्या किती बसगाड्या हवेत लटकल्या, हे ते विसरले नव्हते. ते भिंतीवरचं घड्याळ आठवडाभर तरी बदलू देत नसत, निषेध म्हणून. घरात दोन वेळा नांदायच्या. आई जेवायला हाक मारायची सरकारी वेळेने आणि बाबा यायचे स्वतःच्या. कॉम्प्युटर मात्र दोन्ही गुणी, आपले आपण पुढे झाले. गुरूने बाबांना ते दाखवलंसुद्धा. बघा, याला म्हणतात तंत्रज्ञान, निषेध नाही, भांडण नाही. बाबा म्हणाले, मुकाट्याने ऐकतात म्हणूनच माझा विश्वास नाही.

आईला दवाखान्यात भरती करायच्या आदल्या दिवशी गुरूने दोन्ही मशीन वायरने जोडली आणि प्रोग्रॅम सोडला. हिरवी पट्टी चमकत भरली. एक फाइल बदलली. जागा पुसून स्वच्छ केली. झकास, गुरू. त्याने उघडून ऐकलं नाही. स्वतःवर शंका घेतल्यासारखं झालं असतं.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधीच निघाली. दुसऱ्या दिवशी आई उशीला टेकून बसली होती, मानेला पट्टी, बोलायची बंदी, हातात पाटी. बाबा होते, वरचे काका होते, काकांकडे पट्टीबद्दलचा सल्ला होता. गुरूने ठरवलं, हीच वेळ. लॅपटॉप आईच्या पायाशी ठेवला, डॉक्टरीणबाईंनाही दारात थांबवलं, आणि बटण दाबलं.

"एका घराला एक जिना होता."

"थांब, जवळ ये."

गुरूला वाटलं, चुकून दुसरी उघडली. बंद केली, पुन्हा उघडली. जिना. थांब. श्वास येतोय. आवाज नाकातून नको वहिनी. काका खूश झाले, म्हणाले, अरे, मी पण आहे की यात. आई हसत होती. मग तिने पाटीवर लिहिलं, ही नाही, दुसरी. गुरू म्हणाला, हो हो, ती घरी आहे. त्या वाक्यातले दोन्ही हो खोटे आहेत असं त्याला म्हणतानाच कळलं.

घरी जुन्या कॉम्प्युटरवरही तीच होती. किटलीवाली. दोन्ही मशीनवर एकसारखी, प्रोग्रॅमने वचन दिलं होतं तशी.

मग त्याने मदतकेंद्राला फोन लावला. तिथे आधी गाणं लागलं, मग मशीनखालच्या चिठ्ठीवरचा नंबर विचारला. चिठ्ठीवर बाबांनी कधीतरी डेपोचं वेळापत्रक चिकटवलं होतं. ते नखाने खरवडलं तर नंबरही गेला. नंबराशिवाय बोलता येत नाही म्हणाले. दुसऱ्यांदा लावला, तिसऱ्यांदा लावला, आणि शेवटी एक बाई मिळाली जिला त्याच्या आवाजाची दया आली असावी. तिने शांतपणे विचारलं, रेकॉर्डिंग घड्याळं पुढे जायच्या आधीचं का? आणि प्रोग्रॅम चालवला नंतर? एक मशीन जुन्या आवृत्तीचं, एक नवीन? मग बरोबर आहे म्हणाली.

बरोबर काय आहे ते तिने सांगितलं, आणि गुरूने ते पुढे प्रत्येकाला सांगितलं ते मोठ्या आत्याचं उदाहरण देऊन. मोठी आत्या लग्न होऊन बंगल्यात गेली, आणि तेव्हापासून असं बोलते की ती जन्मापासून बंगल्यातच राहत होती. जुन्या कॉम्प्युटरमधली जुनी आवृत्ती ही मोठी आत्या. आज घड्याळ एक तास पुढे आहे ना, मग आम्ही पहिल्यापासूनच पुढे होतो. थंडीतल्या सगळ्या फाइलींच्या वेळा ती एक तास पुढे ढकलून दाखवते. नवीन आवृत्ती मात्र ज्या दिवशी फाइल झाली त्या दिवसाची वेळ धरून बसते. आईने बाहेरच्या खोलीत सांगितलं, मग पाणी पिऊन मागच्या खोलीत सांगितलं, मध्ये तास काही गेला नव्हता. आत्याबाईंनी किटलीवाल्या फाइलला तास बहाल केला, आणि ती झाली ताजी. ताजी तीच खरी.

म्हणजे चूक कुणाची, गुरूने विचारलं. बाई म्हणाली, तशी कुणाचीच नाही, दोन्ही आवृत्त्या आपापल्या जागी बरोबर आहेत. तुम्ही नुसत्या वेळेवर भरवसा ठेवायला नको होता. आणि आवाज जरा खाली आणून तिने विचारलं, फाइल पुसलेली असेल तर परत काढता येते, घाबरू नका, नुसतीच पुसली आहे ना?

बाजारात एक दुकान होतं, मेलेल्या मशीनमधून फाइली काढणारं. दुकानदार जाड भिंगाचा, मितभाषी माणूस. लॅपटॉप ठेवून घेतला, दोन दिवसांनी या म्हणाला. दोन दिवसांनी गुरू गेला तर दुकानदार लॅपटॉपकडे आदराने बघत होता. म्हणाला, इतक्या वर्षांत इतकी स्वच्छ जागा पाहिली नाही. हे कुणी केलंय? कुणीतरी जाणकार माणूस दिसतो.

संगणकाच्या धंद्यातल्या माणसाने गुरूची केलेली ही पहिली स्तुती. गुरू म्हणाला, ओळखीचा आहे एक.

वरच्या काकांना कळलं तेव्हा ते म्हणाले, फोनवर करायचं होतंस. मग त्यांना फार वाईट वाटलं, कारण माणूस वाईट नव्हता. दोन दिवस त्यांच्या घरातून चमत्कारिक आवाज येत राहिले, आणि तिसऱ्या दिवशी ते खाली आले ते राक्षस पाठ करून. त्यांना वाटलं, तेवढा आवाज आपण देऊ, मग जोडून टाकता येईल. दाराच्या चौकटीत उभे राहून त्यांनी पोटातून विचारलं, "कोण आहे रे वरती?" पाण्याचं बिल थकल्यासारखं. आई इतकी हसली की टाके ओढले आणि डॉक्टरीणबाईंना फोन करावा लागला. काका खाली मान घालून वर गेले.

ताईला सांगायचं राहिलं होतं. गुरू रोज उद्यावर ढकलत होता. शेवटी बाळंत झाल्यावर तिनेच फोन केला, मुलगी झाली म्हणून, आणि म्हणाली आता राक्षस पाठव. गुरूने आत्याच्या उदाहरणासकट सगळं सांगितलं. तिने ओरडावं म्हणून तो तयार होऊन बसला होता. लहानपणापासून ती ओरडायची, पट्टी फेकून मारायची, दोन मिनिटांत सगळं मिटायचं. आता तिने पलीकडे पोरीला थोपटलं. मग म्हणाली, बरं. असू दे. तू तरी काय करणार.

त्यापेक्षा पट्टी परवडली असती.

आईचा आवाज हळूहळू परत आला, पण तो वेगळाच कुणाचा तरी होता. बारीक, कोरडा, कागदावर कागद घासल्यासारखा. दूधवाला फोनवर तिला ओळखेना. लायब्ररीतल्या बाया म्हणाल्या, आता तर तुम्ही आमच्या कामाला अगदी योग्य झालात, आणि ती हसली. घरात कुणी त्याबद्दल बोलत नव्हतं. बाबा तेवढे तिच्या प्रत्येक वाक्यानंतर हो हो म्हणायला लागले होते, तिला पुन्हा सांगावं लागू नये म्हणून. तिने काही विचारलं तरी हो हो. एकदा ती म्हणाली, मी मेले तरी असंच म्हणाल. बाबा म्हणाले, हो हो.

पोर जरा मान धरायला लागल्यावर ताई तिला घेऊन आली. आईने नात मांडीवर घेतली आणि कुणी न सांगता सुरुवात केली. एका घराला एक जिना होता. जिना बरा करकरला. उलट आधीपेक्षा चांगला. मांजरही जमलं. भाडेकरू कुजबुजत भांडले. मग तिने श्वास भरून घेतला. गुरू दारात उभा होता, त्याच्या हातात फोन होता आणि बोट बटणावर होतं. राक्षसाच्या जागी नुसती हवा आली. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा हवा. पोरीला काय कळतंय, ती टकामका बघत होती. आई म्हणाली, जाऊ दे, मोठी झाली की तुझी आई सांगेल.

ताई म्हणाली, मला तो आवाज नाही येत.

दुपारी ताई आणि पोर झोपल्यावर आईने गुरूला मागच्या खोलीत हाक मारली. गुरूला वाटलं, कपाट सरकवायचं असेल. ती रजयांवर बसली होती. म्हणाली, ते लाव ना, आहे ते. गुरू म्हणाला, त्यात काही नाही गं आई, नुसता मी आहे त्यात. ती म्हणाली, लाव.

त्याने लावलं. त्याने ते कधी शेवटपर्यंत ऐकलंच नव्हतं, दरवेळी आपल्याच आवाजापाशी बंद करायचा. आता दोघं ऐकत बसले. थांब, जवळ ये. थांब, श्वास येतोय. काका आले. बाबांचा चष्मा हरवला. आणि मधल्या मधल्या फटींतून आईचा तो जुना, भरलेला, जाडसर आवाज यायचा. दोन शब्द, अर्धं वाक्य, मग पुन्हा गुरू. जिना करकरला. भाडेकरू भांडले. मग तिने श्वास घेतला. तो श्वाससुद्धा केवढा मोठा होता. किटली वाजली. थांब थांब थांब, पहिल्यापासून घे.

संपलं.

गुरू काहीतरी म्हणणार होता. आत्याचं उदाहरण पुन्हा द्यावं, की आवृत्त्या दोन्ही बरोबर होत्या म्हणून सांगावं, त्याचं ठरत नव्हतं.

आईने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. तिला बोलायला जवळ वाकावं लागलं.

"तू थांब म्हणालास," ती म्हणाली, "आणि मी लगेच थांबले बघ."